चालण्याचा वेग कसा वाढवायचा? दुकानदार आणि नवउद्योजकांसाठी मोजता येणारी सोपी पद्धत



आपल्या चॅनेलवर आपण भांडवल, उधारी, जीएसटी, दुकानाची जागा, ग्राहकाशी बोलणं असे विषय घेतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण धंद्याच्या बाहेरचा नाही. विषय आहे रोजच्या चालण्याचा वेग.

तुम्ही म्हणाल, चालायला काय शिकायचंय? वर्षाचे होतो तेव्हापासून चालतोय. बरोबर आहे. पण एक प्रश्न विचारतो. तुमच्या दुकानातली साखर महिन्याला किती क्विंटल जाते हे तुम्हाला माहीत असतं, गाडी एका लिटरला किती किलोमीटर देते हेही माहीत असतं. मग तुम्ही स्वतः तासाला किती किलोमीटर चालता, हे माहीत आहे का? बहुतेकांना माहीत नसतं. आणि जे मोजलं जात नाही ते सुधारत नाही, हे तर आपण स्टॉकच्या बाबतीत शंभर वेळा बोललोय.

व्हिडिओत सगळे आकडे सांगता येत नाहीत, म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

धंदेवाल्याने वेगाचा विचार का करायचा?

पहिलं कारण वेळ. समजा बँक, मार्केट, ट्रान्सपोर्टचं ऑफिस, वसुली, घर ते दुकान असं मिळून तुमचं दिवसाला ४ किलोमीटर चालणं होतं. ताशी ४ किलोमीटरने चाललात तर ६० मिनिटं लागतात. ताशी साडेपाचने चाललात तर साधारण ४४ मिनिटं. रोजची १६ मिनिटं वाचली. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं धरलं तर जवळपास ७ तास होतात. म्हणजे जवळपास एक कामाचा दिवस तुम्ही रस्त्यात सांडत होता, तो परत मिळाला.

दुसरं कारण याहून मोठं आहे. लहान धंद्यात मालक, मॅनेजर, कॅशिअर आणि हमाल हे चारही बहुतेक वेळा एकच माणूस असतो. मोठ्या कंपनीत साहेब आजारी पडला तर दुसरा साहेब खुर्चीत बसतो. आपल्याकडे मालक आजारी पडला की शटर खाली. कड्यासारख्या बाजारपेठेच्या गावात फिरून बघा. अनेक दुकानं बंद पडतात ती माल खराब होता म्हणून नाही, गिऱ्हाईक नव्हतं म्हणूनही नाही. मालकाला चाळिशी-पंचेचाळिशीत शुगर निघते, बीपी निघतं, गुडघे जातात. महिना-दोन महिने दुकान बंद राहतं आणि तेवढ्यात गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला शिकतं. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत आणायला किती खर्च येतो, ते आपण मागच्या भागांत बघितलंच आहे.

तुम्ही दुकानासाठी आगीचा विमा काढता, मालाचा विमा काढता. हप्ता न भरता मिळणारा विमा म्हणजे रोजचं झपाझप चालणं.

किती चाललो यापेक्षा कसं चाललो

"मी दिवसभर दुकानात उभाच असतो, माझं चालणं भरपूर होतं" असं बरेच दुकानदार सांगतात. काउंटरच्या मागे चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, मध्येच थांबणं. दिवसभर हललात हे चांगलंच आहे, बसून राहण्यापेक्षा नक्कीच बरं. पण त्यात हृदयाचे ठोके वाढत नाहीत, श्वास वाढत नाही. शरीराला 'काम' वाटेल इतका जोर सलग लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी असं सांगितलंय. 'मध्यम जोराची' हा शब्द महत्त्वाचा. रमतगमत चालणं त्यात धरलं जात नाही. झपाझप चालणं धरलं जातं.

मध्यम जोर ओळखायचा कसा? दोन सोप्या खुणा.

एक, बोलून बघा. चालताना सोबत्याशी बोलता येतंय, पण गाणं किंवा अभंग म्हणता येत नाही, दम तुटतोय, म्हणजे वेग बरोबर आहे. आरामात गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी. दोन शब्दही धड बोलता येत नसतील तर वेग जास्त.

दोन, पावलं मोजा. १५ सेकंदांत पडलेली पावलं मोजून चारने गुणा. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की मध्यम जोर सुरू झाला असं संशोधक धरतात. १३० च्या आसपास गेलात की तो जोरदार व्यायाम होतो.

आणि ते '१० हजार पावलं' म्हणतात त्याचं काय? तो आकडा आला जपानमधून. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, तिथल्या एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. म्हणजे तो आकडा मुळात एका वस्तूच्या मार्केटिंगमधून लोकांच्या तोंडी बसला. आकडा वाईट नाही, पण तो गाठला नाही म्हणून दिवस वाया गेला असं समजू नका. नाव चांगलं ठेवलं तर वस्तू साठ वर्षं चालते, हा धडा मात्र धंदेवाल्याने घ्यावा.

मराठवाड्यातला आपला आकडा: ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर

वेगाचं उद्दिष्ट शोधायला आपल्याला जपानला जायची गरज नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं नाव आपल्या भागात घराघरात माहीत आहे. त्यांच्या जीवनशैलीच्या सांगण्यात जेवणाचा भाग आहे, तसाच चालण्याचाही आहे: ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर. लोक जेवणाच्या भागावर खूप वाद घालतात. त्यात मी पडत नाही, तो तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा विषय. पण चालण्याचा आकडा नीट बघा.

४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर. म्हणजे ताशी ६ किलोमीटर. नुसतं 'रोज फिरायला जा' असं न सांगता अंतर आणि वेळ दोन्ही बांधून दिलेत. धंद्याच्या भाषेत हे टार्गेट झालं. 'विक्री वाढवा' आणि 'दिवाळीपर्यंत महिन्याची विक्री दोन लाख करा' यात जो फरक आहे तोच फरक.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हा वेग पहिल्या दिवशी जमणारा नाही आणि सगळ्यांना सारखा सोपाही नाही. वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले मिनिटाची पावलं. ज्याचं पाऊल ८० सेंटिमीटर पडतं त्याला ताशी ६ साठी मिनिटाला १२५ पावलं लागतात. ज्यांचं पाऊल ६५ सेंटिमीटर आहे त्यांना त्याच वेगासाठी जवळपास १५४ पावलं टाकावी लागतात. म्हणजे उंच माणसाला जे सहज जमतं त्यासाठी बुटक्या माणसाला, बऱ्याच ताईंना, पळल्यासारखं करावं लागतं. त्यामुळे शेजाऱ्याशी स्पर्धा नको. आपल्या कालच्या आकड्याशी स्पर्धा करायची.

आधी मोजा: दोन दगडांमधला हिशोब

स्मार्ट घड्याळ नसलं तरी चालेल. मोठ्या रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्यामध्ये दर २०० मीटरवर लहान दगड असतात. सकाळी गर्दी नसताना अशा दोन लहान दगडांमधलं अंतर नेहमीच्या चालीने चाला आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ बघा. दगड सापडले नाहीत तर शाळेच्या मैदानावर टेपने २०० मीटर मोजून घ्या, किंवा गाडीच्या मीटरवर एक किलोमीटर मोजून खूण करून ठेवा.

२०० मीटरला लागलेला वेळ आणि तुमचा वेग असा:

- ३ मिनिटं: ताशी ४ किलोमीटर. रमतगमत चाल.
- २ मिनिटं ४० सेकंद: ताशी साडेचार. साधी चाल.
- २ मिनिटं २४ सेकंद: ताशी ५. बरी चाल.
- २ मिनिटं ११ सेकंद: ताशी साडेपाच. झपाझप.
- २ मिनिटं: ताशी ६. उद्दिष्ट.

सलग तीन दिवस मोजा आणि सरासरी काढा. एका दिवसाच्या गल्ल्यावरून आपण धंद्याचा अंदाज बांधत नाही, तसंच हे.

वेग कुठून येतो?

वेग वाढवा म्हटलं की बहुतेक जण लांब ढांगा टाकायला लागतात. इथेच गडबड होते. पाय शरीराच्या फार पुढे टाकला की टाच जोरात आपटते आणि ब्रेक लागल्यासारखं होतं. वेग वाढत नाही, गुडघा आणि नडगी मात्र दुखायला लागते.

खरा जोर मागच्या पायातून येतो. मागचा पाय जमीन सोडताना पोटरी आणि घोटा शरीराला पुढे ढकलतात. म्हणून काय करायचं ते क्रमाने सांगतो.

१. पाऊल थोडं लहान, पण लवकर. आधी पावलांची संख्या वाढवा. लांबी हळूहळू आपोआप वाढते.

२. मागच्या पायाने ढकला. टाच टेकली, तळवा टेकला, शेवटी अंगठ्याने जमीन मागे लोटली, असं पाऊल पूर्ण करा. पाय घासत किंवा फटक-फटक आपटत चालू नका.

३. हात कोपरात वाकवा. सरळ लोंबणारा हात हळू हलतो, वाकवलेला लवकर हलतो. हात लवकर हलले की पायही त्या तालावर येतात. म्हणून एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन वेग येत नाही. पाठीवरची सॅक बरी.

४. नजर समोर, दहा-पंधरा पावलं पुढे. मोबाइलमध्ये बघत चाललं की मान खाली, खांदे पुढे, श्वास अपुरा. आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे बघता ते धोक्याचंही आहे.

५. कमरेतून वाकू नका. थोडा झुकाव घ्यायचाच असेल तर घोट्यापासून पूर्ण शरीराचा.

दुकानदारांसाठी एक खास गोष्ट. गल्ल्यावर आठ-दहा तास बसून मांडीच्या पुढचे आणि कमरेचे स्नायू आखडतात, त्यामुळे पाय मागे जातच नाही. गिऱ्हाईक नसताना काउंटरला धरून १५ वेळा टाचा वर-खाली करा. खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठा-बसा. एक पाय मागे ठेवून मांडी ताणा, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिनिट. दिवसातून तीनदा. पैसा लागत नाही, जागा लागत नाही, आणि पोटरीत जोर येतो.

पायात काय घालायचं?

रबरी स्लीपर घालून झपाझप चालता येत नाही. ती निसटू नये म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात आणि पाऊल पूर्ण होत नाही. मागून पट्टा असलेली सँडल किंवा साधा हलका बूट चालतो. महागाच पाहिजे असं काही नाही. फक्त पुढे बोटं हलायला जागा हवी आणि टाच घट्ट बसायला हवी. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो आणि तेच खरं माप.

ताईंनो, साडीत चालायचं असेल तर निऱ्या थोड्या वर घेऊन पिन लावा. आणि पहाटे एकटीने रस्त्याला जाण्यापेक्षा चार-पाच जणींचा गट करा. बचत गट आहेच, त्याच गटाचा सकाळचा अर्धा तास ठरवा. गटात नियम राहतो आणि घरूनही कुणी अडवत नाही.

सहा आठवड्यांचा प्लॅन

जपानमधल्या शिनशू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत तयार केली: ३ मिनिटं जोरात, ३ मिनिटं सावकाश, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून किमान चार दिवस. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांमध्ये, सलग एकाच चालीने चालणाऱ्यांपेक्षा या पद्धतीने चालणाऱ्यांच्या पायांची ताकद आणि दमसास जास्त सुधारला, रक्तदाबही अधिक उतरला. आपण तीच पद्धत आपल्या सोयीने पायऱ्या पाडून घेऊ.

आठवडा १: फक्त मोजणी. रोज २० मिनिटं नेहमीच्या चालीने. अंतर, वेळ, मिनिटाची पावलं वहीत लिहा.

आठवडा २: १ मिनिट जोरात, २ मिनिटं सावकाश. अशा ६ फेऱ्या, म्हणजे १८ मिनिटं. आठवड्यातून ४ दिवस.

आठवडा ३: २ मिनिटं जोरात, २ मिनिटं सावकाश. ५ फेऱ्या, २० मिनिटं.

आठवडा ४: ३ मिनिटं जोरात, ३ मिनिटं सावकाश. ४ फेऱ्या, २४ मिनिटं.

आठवडा ५ आणि ६: ३ आणि ३ च्या ५ फेऱ्या, ३० मिनिटं. शेवटच्या दिवशी २०० मीटरची मोजणी परत करा.

दर वेळी सुरुवातीची ५ मिनिटं आणि शेवटची ५ मिनिटं सावकाश चाला. सहा आठवड्यांनंतर ज्यांना ४५ मिनिटांचं टार्गेट घ्यायचंय त्यांनी दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत जा. एका आठवड्यात जमलं नाही तर तोच आठवडा परत करा. पुढच्या वर्गात ढकलायला इथे मास्तर नाही, आणि नापास करायलाही कुणी नाही.

सकाळी वेळ नाही? मग दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. दुकानाला येताना, दुपारी बँकेत जाताना, रात्री शटर पाडल्यावर. तुकड्यांनीही आठवड्याची मिनिटं भरतात. हे सगळं रोजमेळाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा. जमा-नावे लिहितो तसंच: तारीख, मिनिटं, २०० मीटरचा वेळ.

डबेवाल्यांकडून काय शिकायचं?

आता धंद्यातला वेग बघू. मुंबईचे डबेवाले म्हणजे आपलीच मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागातली माणसं. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेलं हे काम. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी त्यावर २०१० साली केस स्टडी लिहिली आणि ती जगभरच्या मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवली जाते.

यातला वेगाचा मुद्दा बघा. मोठ्या स्टेशनवर डब्यांचे क्रेट लोकलमध्ये चढवायला साधारण ४० सेकंद मिळतात, लहान स्टेशनवर २० सेकंद. भरलेला क्रेट ६० किलोच्या आसपास. एवढ्या ओझ्यासह माणूस गर्दीतून वाट काढत जातो. तो पळतो का? नाही. पळणारा माणूस गर्दीत धडकतो, डबा सांडतो. तो एका चालीने, न थांबता चालतो.

त्याला न थांबता चालता येतं त्याची तीन कारणं आहेत. रस्ता ठरलेला असतो, रोज तोच. डब्यावरची खूण बघितली की कुठे द्यायचा ते कळतं, विचारत बसावं लागत नाही. आणि प्रत्येक गटात काही जादा माणसं असतात, त्यामुळे एखादा अडकला तरी काम अडत नाही.

आपल्यासाठी धडा असा की बराचसा वेळ पाय हळू पडल्याने जात नाही, थांबल्याने जातो. बँकेत गेलो, पासबुक राहिलं, परत आलो. ट्रान्सपोर्टला गेलो, बिल्टी घरी राहिली. वसुलीला एकाच गल्लीत दोनदा गेलो. म्हणून निघण्याआधी दोन मिनिटं घ्या. कुठे कुठे जायचं ते कागदावर लिहा, रस्त्याच्या क्रमाने लावा, लागणारे कागद सॅकमध्ये टाका. मग निघा आणि थांबू नका. रस्त्यात भेटणारा माणूस चहाला ओढेल. त्याला "येताना येतो" म्हणा, आणि येताना खरंच जा. गावात धंदा करायचाय, माणूस तोडून वेग कमवायचा नाही.

वारीची चाल

दुसरा धडा वारीचा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला साधारण अडीचशे किलोमीटर चालत जाते. नाथांची पालखी पैठणहून निघते ती आपल्याच बीड जिल्ह्यातून जाते. साठी-सत्तरीतली माणसं रोज पंधरा-वीस किलोमीटर, कधी त्याहून जास्त चालतात. पुणे ते सासवडचा टप्पा तर दिवे घाट चढून पार करतात.

कसं जमतं? टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडतं, त्यामुळे चाल एकसारखी राहते. विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे दमायच्या आधी बसायला मिळतं. आणि दिंडीत कुणी पुढे पळत नाही. धंद्यातसुद्धा पहिल्या वर्षी पळून दुसऱ्या वर्षी बसणाऱ्यापेक्षा एका ठेक्यावर चालणारा पंढरपूरला पोचतो. तुम्ही चालताना मनात ठेका धरा, किंवा मोबाइलमधलं मेट्रोनोम ॲप मिनिटाला ११० वर लावा आणि त्या टिक-टिकवर पाऊल टाका. दर आठवड्याला ५ ने वाढवा.

दुकानाची जागा निवडताना हाच आकडा वापरा

नवीन दुकान टाकणाऱ्यांसाठी जादा फायदा. माणूस साध्या चालीने, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटरने, ५ मिनिटांत ३७५ मीटर जातो. म्हातारं माणूस किंवा लहान मूल सोबत असलेली बाई ताशी ३ ने चालते, म्हणजे ५ मिनिटांत २५० मीटर. किराणा, दूध, औषधं, झेरॉक्स यांसाठी लोक फार लांब चालत येत नाहीत. नकाशावर तुमच्या जागेभोवती २५० आणि ३७५ मीटरचे दोन गोल काढा. त्या गोलात घरं किती, शाळा-कॉलेज आहे का, एसटी थांबा आहे का, मध्ये ओलांडायला अवघड रस्ता किंवा नदीचं पात्र आहे का, हे स्वतः चालून बघा. कड्यात तर आता नगर-बीड मार्गावरचं रेल्वे स्टेशनही झालंय. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नगर ते न्यू आष्टी गाडी सुरू झाली, तेव्हापासून स्टेशनकडच्या जागांचे भाव विचारणारे वाढले. भाव विचारण्याआधी घड्याळ लावून चालून बघा, एवढंच माझं सांगणं.

कुठे वेग कमी ठेवायचा?

सगळीकडे झपाझप नको. दुकानात ग्राहकासोबत चालताना त्याच्या चालीने चाला. तुम्ही भराभर पुढे गेलात तर त्याला वाटतं, याला मला लवकर काढून द्यायचंय. डोक्यावर-खांद्यावर ओझं असताना, शिडीजवळ, ओल्या फरशीवर सावकाश. आणि जेवण झाल्याबरोबर जोरात नको, दहा-पंधरा मिनिटं हळू फेरी मारा.

रस्त्याच्या कडेने चालताना उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. कारखान्याच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून जातात, मागच्या ट्रॉलीला दिवा असतोच असं नाही, आणि ड्रायव्हरला गाण्याच्या आवाजात तुमची हाक ऐकू येत नाही. अंधारात पांढरा किंवा चमकणाऱ्या पट्टीचा शर्ट घाला, कानात इअरफोन नको. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. मार्च ते जूनमध्ये सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच जोरात चाला, आणि पाणी पिऊन निघा.

डॉक्टरांना कधी विचारायचं?

चालताना छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, चक्कर आली, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. 'गॅस असेल' म्हणून घरी बसू नका. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास, बीपी, शुगर आहे किंवा ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी वेग वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोड गोळी ठेवावी. हातपाय थरथरले, घाम फुटला तर लगेच खावी. आणि रोज रात्री पायाचे तळवे बघावेत, कारण शुगरमध्ये बूट चावलेला कळत नाही.

गुडघा दुखत असेल तर आधी पाऊल लहान करून बघा. आठवडाभरात फरक नाही पडला तर दाखवून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सर, पळलं तर लवकर फायदा नाही का होणार?* ज्यांना जमतं त्यांनी पळावं. पण साधारण ताशी ७ किलोमीटरच्या आसपास माणूस आपोआप चालण्यातून पळण्यात जातो आणि तिथून सांध्यांवरचा मार वाढतो. वजन जास्त असेल तर चालणंच बरं. दुकानात घामाघूम होऊन उभंही राहायचं नाही.

*वयामुळे वेग कमी होणारच ना?* होतो. पण वेग हे तब्येतीचं मोजमापही आहे. २०११ साली अमेरिकेत ३४ हजारांहून जास्त ज्येष्ठांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची चाल वेगवान, ते जास्त वर्षं जगण्याची शक्यता जास्त, असं त्यात दिसलं. वेग वाढवला की आयुष्य वाढतंच, असा त्याचा अर्थ नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांची चाल अचानक मंदावली तर दुर्लक्ष करू नका, एवढा अर्थ नक्की.

*एक दिवस चुकला तर?* दुकान एक दिवस बंद राहिलं म्हणून आपण धंदा सोडतो का? दुसऱ्या दिवशी शटर उघडा.

आजचं काम

वाचून झालं की मोबाइल खिशात ठेवू नका, स्टॉपवॉच उघडा. उद्या सकाळी २०० मीटर चाला आणि आकडा वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. सहा आठवड्यांनी त्याच जागी, त्याच बुटात, त्याच वेळेला परत मोजा. दहा सेकंद जरी कमी झाले तरी तो नफा आहे. या नफ्यावर टॅक्स नाही, आणि तो उधारीतही अडकत नाही.

पुढच्या भागात आपण वसुलीचा आठवडा कसा आखायचा ते बघू. तोपर्यंत चालत राहा, धंदा चालता ठेवा.